वेशीच्या आत

“विसार किती दिलास?” बाबांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला.

“विसार नाही दिला, बाबा.”

“बरं, टोकन?”

“टोकनही नसतं इथे.”

पलीकडे बाणेरला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मग घर तुझं झालं कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. 2022 चा मार्च महिना. केंब्रिजपासून पाचेक किलोमीटरवरच्या हिस्टन गावात आम्ही एका घराला भाव सांगितला होता. मालकांनी तो कबूल केला होता, एजंटनं तोंडभरून अभिनंदन केलं होतं आणि संकेतस्थळावर त्या घराच्या फोटोवर ‘सोल्ड’ अशी पट्टीही चढली होती. पट्टीवर पुढे बारीक अक्षरांत ‘सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट’ असं होतं. वाचलं होतं मी ते, पण विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं आपण वाचतो तितपतच.

त्या तीन शब्दांचा अर्थ पाच आठवड्यांनी कळला. घर सव्वाशे वर्षांचं, चाळीसारखं ओळीत बांधलेलं, इथल्या मातीच्या फिकट पिवळ्या विटांचं. आम्ही सर्व्हेअरला पैसे भरले, त्यानं भिंतींना यंत्र टेकवून ओल शोधली, सॉलिसिटरनं फाइल उघडली, मी मनातल्या मनात ओट्याची जागा बदलून झाली. आणि एका मंगळवारी एजंटचा फोन. दुसऱ्या कुणीतरी पंधरा हजार पौंड जास्त देऊ केलेत, तेही कर्ज न काढता. तुम्ही वर जाणार का? नाही गेलो. सर्व्हेचे सहाशे पौंड बुडाले. याला इथे ‘गझंपिंग’ म्हणतात. शब्द ऐकून मला वाटलं होतं, हा एखादा नाच असावा.

इंग्लंडमध्ये घराचा सौदा लेखी करारावर सह्या होऊन करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणालाच बांधत नाही. 1989 च्या कायद्यात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. भाव कबूल झाल्यापासून अदलाबदलीपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, आणि तेवढा काळ दोन्ही बाजूंची मागची दारं उघडी. विकणारा जास्त पैशांसाठी फिरला तर गझंपिंग, आणि घेणाऱ्यानं समोरच्याचं सामान खोक्यांत भरून झाल्यावर आयत्या वेळी भाव पाडला तर ‘गझंडरिंग’. दोन्हींना नावं आहेत म्हणजे दोन्ही नित्याचीच. शेजारी स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या पत्रव्यवहारातून सौदा बराच आधी पक्का होतो. तिथली पद्धत पाहून इथे सुधारणेची चर्चा अधूनमधून होते आणि विरते. आपल्याकडे विसार घेऊन शब्द फिरवणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. इथे सगळे अगदी मनापासून ‘सो सॉरी’ म्हणतात.

बाबांना आणखी एक कोडं पडलं होतं. शहरात नोकरी, मग घर गावात कशाला? त्यांनी जन्मभर उलटा प्रवास पाहिलेला. 1986 साली त्यांनी बाणेरला एका शेतकऱ्याकडून दोन गुंठे घेतले, तेव्हा पुण्यातले नातेवाईक म्हणाले होते, रानात राहायला निघालास. खरंच रान होतं. मी शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला ज्वारी असायची. 1997 मध्ये बाणेर महापालिकेत गेलं, पलीकडे हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, आणि पुढच्या दहा वर्षांत बांध मोडले, गुंठामंत्री झाले, ज्वारीच्या जागी बारा-बारा मजले चढले. बाबा गॅलरीत उभे राहून कुरकुरायचे, “कुठून येतात ही माणसं!” आम्ही कुठून आलो होतो, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाणेरची वेस नेमकी कुठे होती, हे आज मला पायांखालच्या रस्त्यावर उभं राहूनही सांगता येणार नाही.

हिस्टनची वेस मात्र दाखवता येते. केंब्रिजमधून उत्तरेला निघालं की घरं, दुकानं, गॅरेजं संपतात, ए-14 हा धो धो वाहणारा हमरस्ता ओलांडला की थोडी शेतं लागतात, आणि मग गाव सुरू होतं. हिरवळ, ओढा, बदकं, एखादं गवतानं शाकारलेलं छप्पर, सेंट अँड्रूजचं जुनं चर्च. खरं तर हिस्टन आणि इम्पिंग्टन अशी ही दोन गावं, एकमेकांत इतकी मिसळलेली की कुठलं घर कुठल्या गावात हे पोस्टमनलाच ठाऊक. पण शहर आणि गाव यांच्या मधली ती थोडीशी शेतं कुणीही मिसळू देत नाही.

ती आपोआप राहिलेली नाहीत. 1950 साली दोन नियोजनकारांनी केंब्रिजचा आराखडा केला, त्यात हे विद्यापीठाचं गाव लहानच राहावं, वस्ती एक लाखाच्या पुढे जाऊ नये, असं म्हटलं होतं. 1955 मध्ये सरकारनं शहरांभोवती हरित पट्टे राखायचं परिपत्रक काढलं. उद्देश दोन-तीनच: शहर पसरू नये, शेजारची गावं एकमेकांना चिकटू नयेत, ऐतिहासिक शहरांचं रूप टिकावं. केंब्रिजच्या पट्ट्याला 1965 मध्ये मंजुरी मिळाली. शहरानं अर्थातच ऐकलं नाही. 1970 मध्ये ट्रिनिटी कॉलेजनं शहराच्या उत्तर टोकाला सायन्स पार्क काढलं, मग संगणकवाले आले, मग औषधवाले आले, आणि 2021 च्या जनगणनेत केंब्रिजची लोकसंख्या 1 लाख 45 हजार भरली. ती नोंदलेली, रोज सकाळी बाहेरून कामाला येणारे वेगळेच. पट्टा जागच्या जागी, नोकऱ्या वाढत्या. मग घरं पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे पडली: पश्चिमेला कॅमबोर्न, उत्तरेला जुन्या हवाई तळावर नॉर्थस्टो, तिथे तर दहा हजार घरांचा बेत आहे. पट्ट्याच्या आतली हिस्टनसारखी गावं सोन्याच्या भावाला गेली. पुण्याभोवती 1960 च्या दशकात असा पट्टा आखला असता तर आज बाणेरला ज्वारी असती, आणि तिच्या कडेचं घर घेणं बाबांना सात जन्मांत जमलं नसतं. त्यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला मात्र हे गाव हवंच होतं. माझं ऑफिस सायन्स पार्कमध्ये. 1970 पर्यंत गावातून सेंट आयव्ह्‌जला जाणारी आगगाडी होती. ती बंद पडली, रूळ गंजले, आणि 2011 साली त्याच मार्गावर बस धावू लागली. साधी नव्हे, सिमेंटच्या पन्हळीत अडकून आपोआप वळणारी, चालकानं स्टिअरिंग धरायचीही गरज नाही अशी. तिच्या बाजूनं सायकलचा रस्ता, सपाट, वाऱ्याखेरीज शत्रू नाही. घरून ऑफिस दहा-बारा मिनिटं. एजंटांच्या जाहिरातीत या बसचं नाव पहिल्या ओळीत असतं.

दुसऱ्या ओळीत शाळा. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेला वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस अमेरिकेला जाण्याआधी तीनेक वर्षं इंग्लंडमध्ये होता. त्या काळात त्यानं मॅक्सवेल फ्राय यांच्याबरोबर इम्पिंग्टनच्या व्हिलेज कॉलेजचा आराखडा केला; 1939 मध्ये शाळा उघडली. कल्पना हेन्री मॉरिस या परगण्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची. त्याचं म्हणणं असं की तरुण पोरं शहराकडे पळतात, कारण गावात त्यांच्यासाठी काही नसतं. तर गावालाच अशी देखणी शाळा द्या, जिथे दिवसा मुलं आणि संध्याकाळी त्यांचे आईबाप शिकतील. म्हणजे गावच्या पोरांनी गावात राहावं म्हणून ही शाळा. आज तिच्या हद्दीत घर असलं की प्रवेशाची शक्यता वाढते, म्हणून आमच्यासारखे आईबाप त्या हद्दीत घर घ्यायला धडपडतात, भाव चढतात, आणि गावची पोरं मोठी झाली की गाव सोडतात. मॉरिसला हे कुणी सांगू नये.

(नवऱ्याला विचाराल तर तो हिस्टनला आला त्याचं कारण फुटबॉल. नोव्हेंबर 2008 मध्ये या गावच्या संघानं एफए कप या देशभरच्या स्पर्धेत भर पावसात लीड्स युनायटेडसारख्या बड्या संघाला 1–0 नं हरवलं होतं. तो तेव्हा औंधात राहत होता आणि लीड्सच्या बाजूनं होता, हे गावात कुणाला सांगत नाही.)

घरं बघण्याचे शनिवार. दर घराला पंधरा मिनिटं. आधीचं जोडपं जिन्यावरून उतरतंय, नंतरचं फाटकाशी उभं, आणि तिन्ही जोडपी एकमेकांकडे पाहून लग्नघरातल्यासारखं हसतायत. एजंटांची भाषा शिकायला आम्हाला दोन महिने लागले. ‘कॅरेक्टर’ म्हणजे जमीन उतरती, बॉल ठेवला तर कोपऱ्यात जातो. ‘मॅच्युअर गार्डन’ म्हणजे कोयता आणा. ‘ओझेस पोटेन्शियल’ म्हणजे स्वयंपाकघर 1974 चं. पुण्यात ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ वाचून वाढलेल्या माणसाला हे जड गेलं नाही.

जड गेला तो उघडेपणा. इंग्लंडमध्ये 1995 पासून झालेल्या घरांच्या विक्रीच्या किमती सरकारी नोंदणी खातं जाहीर करतं. फुकट. कुणाचंही घर, कुणीही बघावं. आम्ही शेवटी जे घर घेतलं, ते 1930 च्या दशकातलं, मधोमध एक भिंत वाटून घेतलेलं जोडघर, 1998 मध्ये 84 हजारांना गेलं होतं, 2011 मध्ये 2 लाख 60 हजारांना, आणि आमच्याकडे मागत होते 4 लाख 65 हजार. विकणारा नवरा-बायको आमच्यापुढे चहा ठेवत होते आणि त्यांना किती सुटणार हे मला त्यांच्या बिस्किटांच्या डब्याइतकं स्पष्ट दिसत होतं. ‘व्हाइट किती, कॅश किती’ या प्रश्नावर वाढलेल्या मला लाजल्यासारखं झालं. बाबांनी रुपयांत हिशेब केला, साडेचार कोटींच्या आसपास, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिफ्ट आहे का?” “दोन मजल्यांचं घर आहे, बाबा.” “हं.”

देशाचा आकडा असा आहे: 1997 मध्ये इंग्लंडमधलं मधल्या किमतीचं घर मधल्या पगाराच्या साडेतीनपट होतं, 2021 मध्ये नऊपट. आणि बँका साधारणपणे उत्पन्नाच्या साडेचारपट कर्ज देतात. मधली दरी आईवडील भरतात, किंवा कुणीच भरत नाही. आमची भरली ती दोघांच्या पगारांनी आणि अकरा वर्षं सुट्टीत भारताखेरीज कुठेही न गेल्यानं.

जूनमध्ये आमचा भाव कबूल झाला. कर्जाचा दर तीन टक्क्यांच्या जरा वर, पाच वर्षांसाठी बांधलेला, बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत 20 डिसेंबर. मला वाटलं, सहा महिने म्हणजे चिक्कार.

पण इथे घर एकटं विकलं जात नाही, रांगेनं विकलं जातं. तिला ‘चेन’ म्हणतात. आमचे विक्रेते गावातच मोठ्या घरात जाणार होते. त्या मोठ्या घरात एक विधवा बाई राहत होत्या, त्या मुलाजवळ नॉरफक परगण्यात बंगला घेणार होत्या. तो बंगला रिकामा होता, म्हणून साखळी तिथे संपत होती. तीन घरं, कर्जं, प्रत्येकाचा सॉलिसिटर, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सकाळी घर सोडून दुपारी दुसऱ्यात शिरायचं. एक कडी तुटली की सगळे जागच्या जागी. मी कधी न भेटलेल्या नॉरफकच्या बंगल्याच्या गटारीची मला रात्री काळजी वाटायची.

दरम्यान कागद. ओल, वीज, पाण्याची पाइपलाइन, जॅपनीज नॉटवीड नावाचं तण आहे का, शेजाऱ्यांशी कधी भांडण झालंय का. चर्चच्या दुरुस्तीचा विमा हवा का, हेही सॉलिसिटरनं विचारलं. मी हसले, तर ती हसली नाही. मध्ययुगापासूनच्या प्रथेप्रमाणे काही जमिनींच्या मालकांवर गावच्या चर्चच्या वेदीकडचा भाग दुरुस्त करायची जबाबदारी असते. वॉरिकशायरमधल्या एका शेतकरी दांपत्यानं ते नाकारलं, खटला 2003 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला, ते हरले, आणि दुरुस्तीच्या बिलापायी त्यांना शेत विकायची वेळ आली. देवस्थान इनामाच्या भानगडी ऐकलेल्या बाबांना एवढा एकच मुद्दा चटकन कळला.

सगळ्यांत लोभस कागद म्हणजे घरात काय ठेवणार आणि काय नेणार याची यादी. छापील फॉर्म असतो. पडद्यांच्या दांड्या, बल्ब, कपड्यांची दोरी, संडासातला कागद अडकवायचा दांडा. होय, तोही. प्रत्येकापुढे खूण: ठेवलं, नेलं. आमच्या विक्रेत्यांनी सगळं ठेवलं होतं. झाडं-रोपं या ओळीसमोर मात्र बाईंनी हातानं लिहिलं होतं: ‘कुंपणाजवळचं रुबार्ब नेणार. आईनं दिलेलं आहे.’ चार लाख पासष्ट हजारांच्या व्यवहारात रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या एका भाजीचा, एक गड्डा. मी आमच्या सॉलिसिटरला कळवलं, हरकत नाही.

23 सप्टेंबरला नव्या अर्थमंत्र्यांनी, क्वासी क्वार्टेंग यांनी, तो प्रसिद्ध छोटा अर्थसंकल्प मांडला. करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते सांगितलं नाही. पौंड घसरला, सरकारी रोख्यांचे दर उसळले, आणि आठवड्याभरात बँकांनी शेकडो कर्जयोजना मागे घेतल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन वर्षांसाठी बांधलेल्या कर्जाचा सरासरी दर सहा टक्क्यांच्या वर गेला. आमचं पत्र आमच्या हातात होतं. आमच्या विक्रेत्यांचं नव्हतं. त्यांना मोठं घर उशिरा मिळालं होतं, अर्ज अजून बँकेतच होता. नव्या दरानं त्यांचा हप्ता महिन्याला आठशे पौंडांनी वाढत होता. त्यांनी एजंटला सांगितलं, आम्ही कुठेच जात नाही. साखळी तुटली.

गंमत अशी की त्याच अर्थसंकल्पानं आमचे पैसे वाचवले. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची स्टँप ड्यूटी माफ असायची मर्यादा त्या दिवशी 3 लाखांवरून सव्वाचार लाखांवर गेली. आम्हाला 8,250 पौंड भरायचे होते, ते 2,000 वर आले. फक्त अट अशी की खरेदीदाराचं जगात कुठेही, कधीही घर असता कामा नये. सॉलिसिटरनं हे ‘जगात कुठेही’ दोनदा विचारलं. लग्नानंतर बाबा मागे लागले होते की बाणेरच्या घरावर तुझं नाव चढवून टाकू. आम्ही दर दिवाळीत ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणत राहिलो. नाव चढलं असतं तर सवलत गेलीच असती, आणि दुसरं घर म्हणून 3 टक्के जादा बसायचीही वेळ आली असती. आळसानं एवढे पैसे वाचल्याचं माझ्या आयुष्यात दुसरं उदाहरण नाही.

पण घरच नाही, तर ड्यूटी कशाची? सहा आठवडे काही हललं नाही. मग नॉरफकला जायची घाई झालेल्या त्या बाईंनी आपल्या घराचा भाव उतरवला. किती, ते आज नोंदणी खात्याच्या यादीत कुणालाही दिसतं. त्यांनी तो उतरवला म्हणून मधल्यांना हप्ता झेपला, आणि मधले हलले म्हणून आम्ही. एका एकट्या बाईनं सगळ्या साखळीचा तोटा अंगावर घेतला. तिला मी भेटलेही नाही.

9 डिसेंबरला सॉलिसिटरांनी फोनवर एकमेकांना करार वाचून दाखवले, झाली अदलाबदल. त्या क्षणी पहिल्यांदा दहा टक्के रक्कम गेली आणि सौदा पक्का झाला. मी लगेच बाणेरला फोन केला. “बाबा, विसार दिला.” “नऊ महिन्यांनी?” ते म्हणाले. 16 डिसेंबरच्या शुक्रवारी चाव्या मिळाल्या, पत्राची मुदत संपायला चार दिवस असताना. त्या आठवड्यात बर्फ पडून गेलं होतं आणि गोठून राहिलं होतं. मागचं अंगण पांढरं, त्यात कुंपणाजवळ एक काळा, ताजा खड्डा. गोठलेल्या जमिनीतून त्या बाईंनी रुबार्ब कसं उपटलं असेल कोण जाणे, पहार लागली असणार.

भिंतीपलीकडे एक आजी राहतात. इथे ब्याऐंशी वर्षांच्या बाईलाही नावानं हाक मारायची पद्धत. मी मारते, पण मनात त्या आजीच आहेत. त्यांचा जन्म याच गावातला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्या चिव्हर्सच्या जॅमच्या कारखान्यात लागल्या. चिव्हर्स म्हणजे या गावचे साखर कारखानदार म्हणा ना. 1873 मध्ये स्वतःच्या मळ्यातल्या फळांचा पहिला जॅम त्यांनी एका गोठ्या-कोठारात शिजवला, दोन वर्षांत स्टेशनशेजारी कारखाना काढला, आणि पुढे गावच त्याच्याभोवती वाढलं. कारखाना अजून आहे, जॅमच करतो, मालक बदलले. “जूनमध्ये अख्ख्या गावाला स्ट्रॉबेरीचा वास यायचा,” आजी सांगतात, “दोरीवर वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा.” लग्नानंतर त्यांना कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, भाड्याचं घर मिळालं. 1980 च्या कायद्यानं पंतप्रधान थॅचरबाईंनी भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, 33 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत सूट. यांनी घेतलं. पुढे ते विकून हे घेतलं. त्यांच्या गल्लीतल्या बहुतेकांनी तसंच केलं. गेलेल्या घरांच्या जागी नवी कौन्सिल घरं मात्र त्या मानानं बांधली गेली नाहीत.

आजींचा नातू केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स इस्पितळात रुग्णांच्या खाटा ढकलतो. राहतो चॅटरिसला, फेन्सच्या सपाट काळ्या जमिनीत, चाळीसेक किलोमीटरवर. पहाटेची पाळी असली की तो आदल्या रात्री आजीच्या सोफ्यावर झोपतो. पाच वाजता त्याची मोटार सुरू झाली की मला जाग येते. जॅमच्या वासात वाढलेल्या घरातला तो, आणि गावात राहते मी.

या वर्षी मे महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला विजेच्या खांबावर प्लास्टिकच्या वेष्टनातला एक कागद बांधलेला दिसला. मागच्या शेतात एकशेसाठ घरं. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं नियोजनाचं धोरण बदललं, पाच वर्षांत पंधरा लाख घरं बांधायचं ठरवलं, आणि ‘ग्रे बेल्ट’ असा नवा शब्द काढला: हरित पट्ट्यातली, पण पट्ट्याच्या कामाला फारशी न येणारी जमीन. शेताचा रंग असा कागदावर बदलतो. शेत म्हणजे फार काही नाही, कधी गहू, कधी पिवळीजर्द मोहरीसारखी रेप. हिवाळ्यात नुसती ढेकळं. पण आमच्या वरच्या खिडकीतून तेच दिसतं. मी खांबापाशी उभी राहून कागद दोनदा वाचला आणि माझ्या मनात पहिलं वाक्य उमटलं ते शब्दशः असं: ‘कुठून येतात ही माणसं!’

हरकत नोंदवायला एकवीस दिवस. आठवड्याभरात दारादारांत पत्रकं पडली, गावाच्या फेसबुक गटावर वाटवाघळांचे फोटो आले. एक गोष्ट तेव्हा कळली. खिडकीतला देखावा जाईल किंवा आपल्या घराचा भाव पडेल ही कारणं इथे हरकतीत धरलीच जात नाहीत. धरली जातात ती वाहतूक, पाणी, गटारं, दवाखान्यातल्या रांगा, दुर्मीळ पाणसरडे. त्यामुळे अख्खं गाव सरड्यांबद्दल बोलतं. पाण्याचं कारण तर खोटंही नाही. केंब्रिजच्या आसपासचे खडूच्या टेकड्यांतले झरे उपशानं आटताहेत आणि पर्यावरण खात्यानंच मोठ्या प्रकल्पांना त्यावरून हरकती घेतल्या आहेत. मी पाण्यावर दोन परिच्छेद लिहिले. चांगले उतरले. वाचून पाहिले तर त्यांत खिडकीचा कुठेही उल्लेख नव्हता. आणि अर्जाच्या कागदपत्रांत बाराव्या पानावर होतं की 50 टक्के घरं स्थानिकांना परवडणारी असतील. या तालुक्यात हरित पट्ट्यातल्या मोठ्या प्रकल्पांना नव्या धोरणात तसा नियमच आहे. एकशेसाठातली ऐंशी.

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “रस्ता किती फुटी आहे?” मग बाणेरच्या नव्या उड्डाणपुलाखालच्या कोंडीबद्दल वीस मिनिटं बोलले.

काल संध्याकाळी आजी कुंपणापाशी उभ्या होत्या, हातात पत्रक. मला वाटलं, सही मागायला आल्या.

“तू पाठवलंस का तुझं?” त्यांनी विचारलं.

“लिहिलंय. पाठवलं नाही अजून.”

“हं,” त्या म्हणाल्या. पत्रकाची घडी त्यांनी चार पदरी केली, उलगडली, परत केली. “नातू म्हणतो, त्या परवडणाऱ्यांत त्याचा नंबर लागू शकतो. मी म्हटलं, शेतावर घरं नकोत.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी पण नाही पाठवलं.”

मुदत गुरुवारपर्यंत आहे.